नाकारता येत नाही

"ही गाठ व्हय साहेब?" आप्पासो चौगुल्यांनी फिल्मवर बोट टेकवलं.

"नाही, ते पित्ताशय."

"मग ही?"

"ते जठर. तपासणीआधी पाणी प्यायला दिलं होतं ना, ते दिसतंय."

"आप्पा, आधी बोट काढा तुम्ही," मागून त्यांची मुलगी उज्ज्वला म्हणाली. "सरांनाच दाखवू दे की."

तिला खुर्ची दिली होती, पण ती बसली नव्हती. पंजाबी ड्रेसवर पायात कॅनव्हासचे बूट, केस घट्ट बांधलेले. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी. लेखी परीक्षा पास झाली होती, तीन आठवड्यांनी मैदानी चाचणी होती, आणि वयोमर्यादेमुळे ही तिची शेवटची संधी होती. मध्ये पित्त झालं म्हणून कुणीतरी सोनोग्राफी करायला सांगितली आणि यकृतात मोसंबीएवढी गाठ सापडली. म्हणून सीटी स्कॅन.

मी कृष्णाकाठच्या एका गावात ट्रस्टच्या हॉस्पिटलात रेडिऑलॉजिस्ट होतो. गोष्ट वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची आहे. खरं सांगायचं तर माणसांशी फार बोलावं लागणार नाही म्हणूनच मी हा विषय घेतला होता. माणूस माझ्याकडे चित्र होऊन येतो, मी अंधाऱ्या खोलीत ते चित्र वाचतो, रिपोर्ट सर्जनकडे जातो. नातेवाइकांना मी सहसा खोलीत घेत नसे. पण त्या दिवशी मीच दाराबाहेर जाऊन त्या दोघांना आत बोलावलं. कारण जी गोष्ट मी इतकी वर्षं फक्त पुस्तकांत पाहिली होती, ती माझ्या समोरच्या काचेवर होती, आणि ती कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवेना.

"हे यकृत," मी म्हणालो. "आणि ही गाठ. शिरेतून औषध सोडल्या सोडल्या पहिल्या चित्रात बघा, सगळीच्या सगळी एकदम उजळली. मधला एवढा भाग सोडून. आता हे थोड्या वेळानंतरचं चित्र. गाठ कुठे आहे?"

आप्पासो वाकले. "दिसंना झाली की."

"भोवतालच्या यकृतासारखीच दिसायला लागली. कारण ती यकृताचीच बनलेली आहे. तुम्ही काय काम करता?"

"पाटकरी हाय साहेब. पाटबंधारे खात्यात. कालव्याचं पाणी सोडायचं."

मला आनंदच झाला. "मग तुम्हाला लगेच कळेल. पाटाला एखाद्या ठिकाणी पाझर लागला तर काय होतं?"

"तिथलं गवत माजतं. पुरुषभर वाढतं."

"गवत तेच असतं ना? विषारी नसतं?"

"तेच की. निस्तं माजलेलं."

"हे तसंच. यकृतात एक शीर जन्मतःच वाकडी असते. तिच्याभोवती रक्त जास्त मिळतं, म्हणून तिथलं यकृत माजतं. आणि मध्ये राहतो तो असा पांढरा व्रण. आडवी मोसंबी कापली की मध्ये चांदणी दिसते ना, तसा. हे शेवटचं चित्र मी मुद्दाम थांबून घ्यायला लावलं. बाकी सगळं विझलं, आणि चांदणी आता उजळली. तो चिवट धाग्यांचा भाग असतो, औषध त्यात उशिरा शिरतं आणि उशिरा निघतं."

उज्ज्वला चांदणीकडे बघत होती. "म्हणजे कॅन्सर नाही?"

"नाही."

"ऑपरेशन?"

"करायचं कारण नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक तपासणी करू."

"आणि मी पळू शकते?"

"पळा की," मी म्हणालो. इतकं ठाम मी आयुष्यात फार वेळा बोललो नसेन. ती वडिलांकडे वळून हसली आणि बुटाची टाच जमिनीवर दोनदा आपटली, जणू तिथूनच निघणार होती.

रिपोर्ट मी त्याच दुपारी सांगितला. आमच्या टायपिस्ट आवटीबाई कॉम्प्युटरवर टाइप करत, मी शेजारी उभा राहून सांगत असे. गाठीचं आकारमान, तिन्ही वेळचं उजळणं, मधला व्रण, आणि शेवटी निदान. 'शक्यता वाटते' नाही, 'असू शकेल' नाही. नुसतं निदान, आणि पूर्णविराम. बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "एवढंच सर?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी आप्पासो एकटेच आले. डोक्यावरची टोपी हातात होती.

"साहेब, काल तुमी तसं बोलला. आणि कागदावर असं?"

रिपोर्ट त्यांनी गावातल्या हायस्कुलाच्या मास्तरांकडून वाचून घेतला होता. इंग्रजी मजकुराच्या कडेला मास्तरांनी पेन्सिलीनं मराठी केलं होतं. शेवटच्या ओळीशेजारी लिहिलं होतं, 'कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही.' त्याखाली मास्तरांनी दोन रेघा ओढल्या होत्या. त्याच्याही खाली माझी सही होती. वीस रिपोर्टांच्या गठ्ठ्यात, शेवटचं पान न बघता केलेली.

मी आवटीबाईंकडे गेलो. "बाई, ही ओळ मी सांगितली नव्हती."

"तुम्ही कधीच सांगत नाही सर. ती आपोआप येते. गाठ म्हटलं की येते."

तेव्हा मला आठवलं. डॉक्टरांना ग्राहक न्यायालयात ओढायला सुरुवात झाली, तेव्हा ट्रस्टच्या वकिलांनी हे वाक्य काढलं होतं, आणि ते कॉम्प्युटरमध्ये कायमचं बसवलं होतं. गाठीच्या प्रत्येक रिपोर्टाच्या शेवटी. त्या वेळी मी काही बोललो नव्हतो. मनातून मला ते वाक्य आवडलंच होतं. छत्रीसारखं. मी काहीही म्हणावं, वर ते आहेच.

"काढून टाका," मी म्हणालो.

"निघत नाही सर. म्हणजे निघतं, पण सेक्रेटरीसाहेब काढू देत नाहीत. मागं एकदा चुकून मुतखड्याच्या रिपोर्टात आलं होतं."

"मुतखड्याला? कॅन्सर नाकारता येत नाही?"

"पेशंट किती भांडला! तेही काढू दिलं नाही. शेवटी बिचाऱ्यानं दुसरीकडून रिपोर्ट आणला."

मी ट्रस्टच्या सेक्रेटरींना फोन लावला. फोनवर मला नेहमी घाम येतो, त्या दिवशीही आला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमचं ज्ञान मोठं, त्याबद्दल शंकाच नाही. पण एका रिपोर्टातून ओळ काढली तर उद्या कोर्टात विचारतील, बाकीच्यांत का ठेवली? म्हणजे बाकीच्यांत तुम्हाला संशय होता, मग तपासण्या का नाही केल्या? एक वीट काढली की सगळी भिंत खाली येते बघा."

"अहो, पण ती मुलगी..."

"मुलीला तोंडी सांगा ना. तोंडी सांगायला कोण नको म्हणतंय?"

मी परत येऊन साध्या कागदावर हातानं रिपोर्ट लिहिला. सुवाच्य अक्षरात, आप्पासोंना कळावा म्हणून मराठीत. खाली सही केली. आवटीबाईंना शिक्का मागितला. त्या ओशाळल्या. "सर, शिक्का कॉम्प्युटरच्या रिपोर्टावरच मारायचा असतो. माझी नोकरी जाईल."

तो कागद मी आप्पासोंना दिला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि हळूच विचारलं, "शिक्का न्हाई व्हय?"

"शिक्क्याचं काय आहे त्यात? मी लिहिलंय. मीच."

"साहेब, राग मानू नका," ते म्हणाले. "एका उन्हाळ्यात शाखा अभियंता तोंडी म्हणाले, सोड रं पाणी डाव्या पाटाला, कागद मागनं येतोय. मी सोडलं. कागद आला न्हाई. साहेब म्हणाले, मी कवा सांगितलं? सहा म्हैने सस्पेंड होतो. तवापासनं तोंडाचं ऐकत न्हाई मी. कुणाचंच. देव जरी आला तरी म्हणंन, बाबा, लेखी दे."

"पण तुम्हाला काल पटलं होतं ना? पाझराचं, गवताचं?"

"पटलं की. आत्ता बी पटतंय." त्यांनी शिक्क्याच्या रिपोर्टावरून बोट फिरवलं. "पण पटून काय करायचं? लेकीचा जीव हाय."

मी पुढे बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण ते टोपी घालून निघाले होते. मला इतका संताप आला की मी टेबलावर मूठ आपटली. आपटली म्हणजे ठेवलीच, आवाज होईल म्हणून.

दोन दिवसांनी उज्ज्वला आली. या वेळी धावतच आली असावी, कपाळावर घाम होता.

"सर, मगदूम डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. आप्पांनी सही पण केली. तुम्ही चला."

"कुठे?"

"त्यांच्याकडे. माझ्यासमोर सांगा त्यांना, मला सांगितलं तसं. डॉक्टर नको म्हणाले तर आप्पा ऐकतील. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर मी तीन आठवड्यांत गोळाफेक करणार आहे का सर?"

मी तिच्या मागून निघालो. मगदूम आमचे सर्जन. हात सोन्याचा, आवाज नगाऱ्याचा. त्यांच्यासमोर मी नेहमी दोन पायऱ्या खाली उभा असल्यासारखा असे.

"या ग्रंथराज!" ते म्हणाले. "आज ग्रंथालय सोडून इकडे कुठे?"

मी फिल्म त्यांच्या काचेवर लावली आणि सांगू लागलो. वाटलं होतं त्यापेक्षा बरं बोललो. पहिल्या चित्रातलं उजळणं, दुसऱ्यातलं मिसळून जाणं, चांदणीचं उशिरा जागं होणं. मगदूम ऐकत होते, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी मध्ये मला तोडलं नाही.

"चित्रावरून आतल्या पेशी ओळखता तुम्ही?" ते शेवटी म्हणाले.

"या गाठीत ओळखता येतात. आत जे असतं तेच बाहेर दिसतं. नुसत्या रक्तवाहिन्यांची गाठ असती तर ती कडेकडेनं उजळत आत गेली असती. दुसरी एक असते, पेशींचीच, पण तिच्यात चरबी असते, जुनं रक्त साकळलेलं असतं. ती ठिगळ लावल्यासारखी दिसते, आणि तिच्यात अशी चांदणी नसते."

"त्या दुसरीचीच मला भीती आहे," मगदूम म्हणाले. आता त्यांचा आवाज नगाऱ्यासारखा नव्हता. "ती फुटते. मी एक बघितलेली आहे, तेव्हा माझा हातही अजून बसला नव्हता. पोटभर रक्त, टेबलावर गेली बाई. ही पोर मैदानावर पळणार, लांब उडी मारणार. ती दुसरी असली तर?"

"ती नाही ही."

"आणि कॅन्सर? त्याचीही एक जात असते ना, मध्ये चांदणी असलेली? तुमच्याच पुस्तकात असेल."

असते. मला ठाऊक होतं, मी त्यावर रात्र घालवली होती. "असते. पण तिची चांदणी उशिरा उजळत नाही. सहसा. त्यात चुन्याचे कण दिसतात, यात नाहीत."

"सहसा," मगदूम म्हणाले. त्यांनी उज्ज्वलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तेरदाळकर, एकच विचारतो. शंभर टक्के?"

उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. श्वास रोखून, शिट्टी वाजायची वाट बघणाऱ्या धावपटूसारखी. दोनच शब्द म्हणायचे होते. ते माझ्या जिभेवर आलेही होते. पण त्याच वेळी आयुष्यभर वाचलेली सगळी पानं माझ्या डोळ्यांसमोरून फडफडत गेली, आणि त्यांतल्या एकाही पानावर शंभर हा आकडा नव्हता.

"शंभर टक्के असं वैद्यकात..." मी म्हणालो. "पंच्याण्णव. कदाचित थोडे जास्तच."

"उरलेल्या पाचात ही बसली तर?"

"म्हणूनच पुन्हा तपासणी करू म्हणतोय ना मी, काही महिन्यांनी..."

"तोवर फुटली तर कुणी यायचं? तुम्ही येणार फिल्म घेऊन?" ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही फार वाचता हो. मला टेबलावर अर्धवट आकडे चालत नाहीत. आणि शेवटी तुमच्याच सहीचा कागद आहे, नाकारता येत नाही म्हणून. मी एवढं वाचून स्वस्थ बसलो तर मला जेलात घालतील."

"ती ओळ माझी नाही!" मी ओरडलो. माझ्या मानानं ते ओरडणंच होतं. बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी आत पाहिलं. मगदूम हसले.

"सही तुमची आहे ना?"

बाहेर आल्यावर उज्ज्वला थेट जिन्याकडे निघाली. मी म्हणालो, "दुसऱ्या कुठल्या शहरात दाखवा. मी चिठ्ठी देतो."

"चिठ्ठीवर शिक्का असेल का?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जिन्यावरून उतरली. या वेळी चालत.

ऑपरेशन झालं. मगदूमांचा हात खरंच सोन्याचा होता, रक्ताच्या एका बाटलीवर निभावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पॅथॉलॉजीच्या फरीदा मुजावरांनी मला खाली बोलावलं. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण त्यांच्या खोलीत मला संकोच वाटत नसे. त्याही माझ्यासारख्याच, भिंगातून जग बघणाऱ्या.

"सर, इकडे या. काही बोलू नका, नुसतं बघा."

पांढऱ्या ट्रेमध्ये यकृताचा तळहाताएवढा तुकडा होता आणि त्यात मधोमध कापलेली गाठ. भोवतालच्या यकृतापेक्षा जराशी फिकट, मऊ, एकसारखी. कुठे रक्ताचा डाग नाही, चरबीचं पिवळं नाही. आणि मध्ये पांढरी चांदणी. तिचे हात कडेपर्यंत गेलेले. फिल्ममध्ये मला पाच हात दिसले होते, इथे सहावाही होता, अगदी बारीक.

"व्रणात बघा, ही जाड भिंतीची वाकडी शीर," फरीदा म्हणाल्या. "तुमचं चित्र आणि माझा तुकडा, एकावर एक ठेवावेत असे आहेत. मी इतक्या वर्षांत असा जोड नाही पाहिला. तुम्हाला आनंद नाही झाला?"

"रिपोर्टात काय लिहिणार?"

"लिहिलासुद्धा. निदान. साधी गाठ, कर्करोग नाही."

"आणि त्याखाली?"

"त्याखाली काय? सही."

आयुष्यात एकदा माझं वाचन अक्षरशः बरोबर निघालं होतं, आणि ते एका पांढऱ्या ट्रेमध्ये पडलं होतं.

दहाएक दिवसांनी माझ्या खोलीचं दार कुणीतरी ढकललं. आप्पासो होते. नवी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. मागून उज्ज्वला आली, एक हात पोटावर धरून, पावलं मोजत. पायात चपला होत्या.

"साहेब, तोंड गोड करा! गाठ साधी निघाली! मगदूम डॉक्टर देवमाणूस. त्यांना पेढे दिले, खालच्या बाईस्नी दिले, म्हटलं, तुमास्नी दिल्याशिवाय गावाकडं जायचं न्हाई." त्यांनी माझ्या तळहातावर एक पेढा ठेवला.

"मी सांगितलं होतं की तुम्हाला," मी म्हणालो. "साधी आहे म्हणून."

"व्हय की! तुमी बोलला होताच. आणि तुमचा कागद बी खोटा न्हाई पडला बघा." ते कौतुकानं म्हणाले. "कागदात हुतं, नाकारता येत न्हाई. म्हणून कापलं. कापलं म्हणून नाकारता आलं. कागद नसता तर आमी गप बसलो असतो, आणि जलमभर घोर राहिला असता. हाय का न्हाई?"

त्यांच्या बोलण्यात कुठेही फट नव्हती. मी ती शोधत राहिलो, आणि हातात पेढा तसाच होता.

"सर," उज्ज्वला म्हणाली. "ते चित्र आहे का अजून?"

मी फिल्म शोधून काचेवर लावली. ती हळूहळू जवळ आली. चांदणीवर तिनं बोट ठेवलं, त्या दिवशी वडिलांनी ठेवलं होतं तसं, पण नेमक्या जागी.

"काल मैदानी झाली," ती म्हणाली. "आमच्या गावच्या दोघी पास झाल्या त्यात."

"होईल पुढंमागं काहीतरी," आप्पासो म्हणाले. "जीव वाचला, लाख मिळवले."

तिनं वडिलांकडे पाहिलं नाही. "सर, ही असती पोटात, आणि मी पळाले असते, तर काही झालं असतं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"आता किती टक्के?"

काचेमागचा दिवा बारीक गुणगुणत होता. "आता शंभर," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग माझ्या तळहातावरचा पेढा दोन बोटांनी उचलला, वडिलांच्या हातातल्या पुड्यात परत ठेवला आणि पुड्याचं झाकण लावलं.

"अगं उज्जे!" आप्पासो गोंधळले. "साहेब, दुखतंय तिला अजून, मनावर घेऊ नका."

"चला आप्पा," ती म्हणाली, आणि पोटावर हात धरून दारातून बाहेर पडली.